ओटीपी येईपर्यंत

वरकुट्यात प्रयागबाईच्या गोठ्याला लागून एक गाडी उभी असायची. निळी, बुटकी, जमिनीला पोट घासतंय की काय असं वाटावं अशी. तिचा लेक यशराज पुण्याला नोकरीत असताना त्यानं ती घेतली. गावानं तिचं नाव ठेवलं 'विमान', कारण इंदापूरच्या रस्त्याला लागली की बघणाऱ्यानं मान वळवेस्तोवर ती दिसेनाशी व्हायची. आत दोन माणसं कशीबशी मावायची, डिकीत वैरणीची एक पेंढीसुद्धा बसायची नाही. असल्या गाडीचा गोठ्याशेजारी उपयोग काय, असं विचारायची सोय नव्हती. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि एकुलत्या एका पोराच्या हौसेला तर नसतंच नसतं.

मग यशराजला मेलबर्नची नोकरी लागली आणि तो गेला. गाडी राहिली, आई राहिली.

जाताना त्यानं दोन वस्तू आईच्या हातात दिल्या. एक गाडीची चावी आणि एक बटणाचा जुना फोन. त्या फोनात त्याचं इथलं सिमकार्ड होतं. बँकेचे, सरकारचे निरोप त्या नंबरवर येतात, तो बंद पडू द्यायचा नाही. आणि दर रविवारी गाडी थोडा वेळ चालू करून ठेवायची, नाहीतर बॅटरी उतरते.

तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन यायचा. गाडी चालू केली का? केली. आवाज नीट येतोय का? येतोय. टायरात हवा हाय का? हाय. मग बरंय, ठेवतो. झालं, संपला रविवार. प्रयागबाईच्या मनात हजार गोष्टी असायच्या. कालवड माजावर आली, शेजारच्या मालनबाईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, परवा रात्रभर लाईट नव्हती. पण पोराचा आवाजच असा घाईचा की तिच्या तोंडातली गोष्ट तोंडातच राहायची. एकदा तिनं लग्नाचा विषय काढला, तर पुढचा रविवार कोरडाच गेला. त्यानंतर तिनं शहाणपणानं टायराच्या हवेपलीकडं पाऊल टाकलं नाही.

फोन झाला की ती गाडीतच बसून राहायची. गाडी गुरगुरत असायची आणि ही बाई पदर सावरून, हात मांडीवर ठेवून समोरच्या उकिरड्याकडं बघत बसायची. गाडी बंद केली की घरात जावं लागणार, आणि घरात कोण होतं? नवरा महिपती जाऊन बारा वर्षं झाली होती.

गाडीचा विमा संपला तो असा. बटणाच्या फोनवर इंग्रजीतून निरोप यायचे. कर्ज घ्या, लॉटरी लागली, असलेच ते असणार म्हणून प्रयागबाई ते पुसून टाकायची. त्यातच विम्याचेही निरोप होते. तेही गेले. यशराजला तिकडं आठवण राहिली नाही. कित्येक महिने गाडी विम्याशिवाय उभी होती, आणि ते कळलं कधी, तर बारामतीचं एक गिऱ्हाईक गाडी घ्यायला तयार झालं तेव्हा. त्यानं कागद मागितले. विमा नसेल तर गाडी नावावर होत नाही.

"विकायची व्हय?" प्रयागबाईनं विचारलं.

"उभी राहून सडतेय आई. मी काय आता तिकडं येऊन चालवणार हाय का?"

हे तो अगदी सहज बोलून गेला. पण प्रयागबाई त्या दिवशी जेवली नाही. पोर परत येणार नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण गाडी दारात होती तोवर कुणी ते तोंडानं म्हटलं नव्हतं. आणि गाडी गेल्यावर रविवारचा फोन कशासाठी येणार? कुणाच्या टायरातली हवा विचारणार?

विम्याचं काम इंदापूरच्या रणजित नावाच्या एजंटानं घेतलं. त्यानं सांगितलं, साधी गाडी असती तर दुपारपर्यंत पॉलिसी हातात दिली असती. पण एक तर विमा खंडित झालेला, आता गाडीची तपासणी झाल्याशिवाय कंपनी दारात उभी करत नाही. आणि त्यात असली दांडग्या ताकदीची गाडी म्हटल्यावर मंजुरी वरच्या ऑफिसातून येणार. रणजितनं गाडी बाहेर काढली, फोटो काढले, इंजिन चालू केलं आणि कपाळाला हात लावला.

"काकू, हा सायलेन्सर कंपनीचा न्हाय. आवाजासाठी बदललाय. ह्याच्यावर फाईल परत येणार. मूळचा कुठं हाय?"

मूळचा होता की! मुरघासाच्या, म्हणजे गुरांसाठी आंबवून ठेवलेल्या चाऱ्याच्या, खड्ड्यावर अंथरलेला कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रयागबाईनं त्यावर दगड ठेवले होते, फुटके टायर ठेवले होते, आणि तो सायलेन्सरही ठेवला होता. चांगला जड होता, कामाला आला. रणजितनं तो झटकून नेला आणि मेकॅनिककडून परत बसवून घेतला. इंदापुरात या गोष्टीवर दोन दिवस लोक हसले.

मग सुरू झाले ओटीपी. गाडी यशराजच्या नावावर, अर्ज तो मेलबर्नहून भरणार, आणि प्रत्येक पायरीला कंपनी आकडे पाठवणार ते त्या बटणाच्या फोनवर. तो आईच्या नेहमीच्या फोनवर फोन करायचा, प्रयागबाई बटणाचा फोन समोर धरून बसायची, आणि दोघं वाट बघायची. वरकुट्यात त्या सिमच्या रेंजचं काय, आली तर आली. पहिल्या दिवशी आकडे यायला बराच वेळ लागला. तेवढ्यात करायचं काय, म्हणून यशराजनं विचारलं, "काय केलंय आज जेवायला?"

किती वर्षांनी विचारलं पोरानं! वांग्याचं भरीत आणि भाकरी, म्हणाली. त्यावर तो म्हणाला, इथं वांगी मिळतात पण भाजायची कशावर, धूर झाला की घंटा वाजते. ती हसली. आणि तेवढ्यात मेले ते आकडे आले. ती चष्मा न लावताच वाचायला गेली, एक आकडा चुकला, आणि कंपनीनं नाकारलं. पुन्हा मागवला, पुन्हा वाट बघणं आलं. कालवडीची गोष्ट सांगून झाली.

दुसऱ्या दिवशी चष्मा डोळ्यावर होता. आकडे स्वच्छ दिसत होते. तरीही प्रयागबाईनं सहाच्या जागी आठ सांगितले.

ही बाई कोण, ते सांगायला हवं. महिपती गेल्यावर तिनं गावच्या दूध डेअरीत मापावर काम केलं. यंत्रावर दुधाची फॅट लावायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची. दुधावरून गावात डोकी फुटतात, पण प्रयागबाईनं सांगितलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं भांडखोर माणसंही म्हणायची. ती बाई आता पोटच्या पोराला खोटे आकडे सांगत होती. लाज वाटत नव्हती असं नाही. फोन ठेवला की स्वतःलाच शिव्या द्यायची. पण तीनदा चुकलं की कंपनी उद्या या म्हणायची, आणि उद्या म्हणजे आणखी एक फोन.

त्या दिवसांत तिला पोराचं काय काय कळलं. खोलीतला सोबती कधीच सोडून गेला होता. सणाला तो कामावर जातो, कारण सुट्टी घेऊन करणार काय? रविवारी आगगाडीत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जातो आणि त्याच गाडीनं परत येतो. तिकडं नोकरी हाय, गाडीघोडा हाय, पोरगं मजेत असेल, असं ती जगाला सांगत होती.

रणजित चक्रावला. सगळी मंजुरी आली काकू, फक्त शेवटचा आकडा राहिलाय, बारामतीवाला दुसरी गाडी बघतोय म्हणतो. संध्याकाळी यशराजचा फोन आला. आज रेंज नेमकी चांगली होती. आकडे लगेच आले.

प्रयागबाईनं ते बघितले. पोराचा आवाज दमलेला होता. तिच्यानं राहवेना.

"यश, मला समदे आकडे नीट दिसत हुते. मीच चुकवत हुते."

मग तो हळूच म्हणाला, "म्हायती हाय."

"कसं?"

"ओटीपी मला मेलवरबी येतो आई. पहिल्या दिवसापास्नं येतोय."

प्रयागबाईला काही कळेचना. "मंग मला कशाला इचारत हुतास?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं चष्मा पुसला आणि एकेक आकडा खरा सांगितला. त्यानं तिकडं दाबला.

"झालं," तो म्हणाला.

"झालं," तीही म्हणाली.

आता कशाचीच वाट बघायची राहिली नव्हती. उद्या बारामतीचा माणूस येऊन गाडी घेऊन जाणार होता.

"बरं, रविवारी करतो फोन," यशराज सवयीनं म्हणाला. "गाडी..."

आणि थांबला. दोघं तशीच फोन धरून राहिली.