मावशीचा खिसा

आमच्या बालवर्गात मावशी सतरा वर्षं होती. नाकं पुसणं, डबे उघडून देणं, ओल्या चड्ड्या बदलणं ही तिची कामं. दारावर पाटी माझ्या नावाची, पदविका माझी, आणि वजाबाकी शिकवली तिने. तेव्हा मी तोंडाला कुलूप घातलं होतं, म्हणून आज लिहिते आहे.

मी फळ्यावर पाच फुगे काढून दोनांवर काट मारायचे. "किती उरले?" विचारलं की सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "पाच!" पालथ्या घड्यावर पाणी. चिडून मी खडू आपटायचे. एकदा फरशी पुसता पुसता मावशी थांबली. तिने बाटल्यांची पाच बुचं मांडली, दोन उचलून एप्रनच्या खिशात टाकली आणि बटण लावलं.

"आता सांगा रे सोन्यांनो."

"तीन!"

"बाई, गेलेलं दिसायला नको," ती मला म्हणाली. "दिसलं की पोरं मोजणारच."

त्या वर्षी मदतनीस शिक्षिकेची एक जागा निघाली. मावशी सातवी शिकलेली, पण अनुभव धरणार होते. अर्ज तिने माझ्याकडूनच लिहून घेतला. "शिकवताना मध्येच कुणी फडकं घेऊन बोलावू नये, एवढंच मागणं आहे हो," ती म्हणाली. मी म्हटलं, जागा तुमचीच समजा.

तपासणीला साहेब आले. बुचं मांडली, मुलांनी धडाधड उत्तरं दिली. साहेब खूश. एका चिमुरडीला त्यांनी विचारलं, "हे कुणी गं शिकवलं?" तिने दाराकडे बोट दाखवलं. तिथे मावशी बादली घेऊन उभी होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्याच शेऱ्यावर ठरायचं होतं.

"छे हो सर," मी हसून म्हणाले, "ती सफाईवाली. मुलांना लळा आहे तिचा."

मावशीने ऐकलं. बादली उचलून निघून गेली. तिच्या अर्जावर 'शिकवण्याचा अनुभव नाही' असा शेरा पडला आणि तिला वरच्या मजल्यावर स्वच्छतागृहांच्या कामाला लावलं. मी कायम झाले. जाताना तिने एप्रन धुऊन, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला. खिशात बुचं होती.

"राहू द्या, बाई. पोरं अडतील."

वाकडा शब्द नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

आता तो एप्रन मी घालते. नव्या शिक्षिका वह्या घेऊन माझी पद्धत उतरवून घेतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

परवा मुलांना रांगेने वर नेत होते. जिन्यात मावशी पायऱ्या पुसत होती. मला पाहून उठली, भिंतीला चिकटून वाट दिली. एका पोराने विचारलं, "बाई, ह्या कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "चला, भराभर चला."