ब्रुसेल्सच्या चित्रांपुढे बसायला गेली

मी चौथी शिकलेली बाई, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी नात अशू बेल्जियम देशात, ब्रुसेल्सला नोकरी करते. मागच्या साली तिचे आबा, म्हणजे आमचे हे, गेले. ती आली नाही. सुट्टी भेटली नाही म्हणे. त्यानंतर फोनवर आबांचं नाव काढलं की "आजी, जेवली का?" असं विचारून विषयच बदलायची. दहा महिने झाले, पोरगी रडली नाही. म्हणून मीच निघाली.

महागावहून गाडी केली, कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं, नागपूरहून विमान. विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घ्या, लाजू नका. मी तर राणीसारखी गेली! ठेचा मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको.

तिसऱ्या दिवशी अशूनं तिथलं राष्ट्रीय चित्रसंग्रहालय दाखवलं. सोमवारी बंद असते. म्हाताऱ्यांना तिकीट कमी, तेव्हा वय खरं सांगा. त्या मुलखातल्या जुन्या चिताऱ्यांना फ्लेमिश म्हणतात. एका चित्रात बर्फातलं गाव, माणसंच माणसं! आमच्या आठवडी बाजारासारखी गर्दी. मी एकेक माणूस पाहत अर्धा तास उभी.

"आजी, चाल न वं, पुढं लय आहे."

"थांब, हे बाई भांडून राह्यली वाटते."

पुढच्या खोलीत मात्र माझे पाय थांबले. चित्र लहानच. क्रूसावरून उतरवलेला येशू, आणि त्याच्या आईनं आपला गाल त्याच्या गालाला लावलेला. मागं आभाळ तांबडं. मी खाली फरशीवर बसली. आमच्याकडे मैतीच्या घरी उभ्याउभ्यानं कोणी जात नाही. जायचं, खाली बसायचं, घरचे बोलतील तर ऐकायचं. त्यालाच 'बसायला जाणं' म्हणतात.

पहारेकरी धावत आला. अशू लाजली.

"आजी, ऊठ! तुले चक्कर आली का, विचारून राह्यला तो."

"त्याले सांग, बसायले आली म्हणून."

"असं कसं सांगू त्याले?"

पण तिनं काहीतरी सांगितलं. तो माणूस चित्राकडे पाहून हळूच मागं सरला. मग अशूही माझ्याजवळ बसली.

"सुट्टी भेटली होती, आजी," ती म्हणाली. "तिकीटही काढलं होतं. विमानतळावरून वापस आली मी. आबा नसलेलं घर पाहाची हिंमतच झाली नाही."

आणि ती रडली. माझ्या लुगड्यात तोंड घालून, लहानपणी रडायची तशी. मी म्हटलं, "आत्ता बसली न तू. झालं."

उठताना 'येतो' म्हटलं नाही. तशा घरून निघताना म्हणायचं नसते.

बाहेर तिनं मले तळलेले बटाटे खाऊ घातले. सोबत अंड्याची पांढरी चटणी देतात, ती मले काही जमली नाही.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. लोक विचारतात, तिथं काय पाहिलं? बर्फातलं गाव सांगते, विमान सांगते. परवा अशूचा फोन आला. "आजी, आबाचा आवाज आहे का कोणाच्या मोबाईलमध्ये?"

माझ्याच मोबाईलमध्ये होता. इतके महिने मीही तो ऐकला नव्हता. पाठवायच्या आधी ऐकला. शेतातून बोलले होते, "मोटर चालू करून दे वं, किती वेळचा ओरडून राह्यलो!"

दोन मिनिटांनी अशूचा फोन आला. हसत होती, रडत होती. म्हणाली, "अजून एकदा पाठव."