छताच्या मधोमधचा दिवा

नेरूळच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या छताला मधोमध एक दुधी काचेचा गोळा होता. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. आई गेल्यावर मी त्यांना गावाहून माझ्याकडे घेऊन आले. बाबांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेली. यांचं वाचन सुटलं तर माणूस खंगेल, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आणि आल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "या घरात उजेडच नाही गं. अक्षर लागत नाही."

माझा सगळा राग त्या गोळ्यावर निघाला. साठचा बल्ब काढून शंभरचा लावला. तरी पेपर आपला मांडीवर, घडीसुद्धा न मोडलेला. सकाळी चहा घेताना मात्र ते मला ठळक बातम्या घडाघडा सांगायचे. म्हटलं, सकाळी खिडकीपाशी दिसतंय, घोळ आहे तो दिव्याचाच.

घरमालकांना फोन लावला. अलिबागकडचे कोकणी मुसलमान, व्यापारातला माणूस, बोलायला एकदम मोकळे. म्हणाले, "लावा की ट्यूब, विचारता काय! फक्त जुना दिवा टाकू नका हां. जाताना होता तसा लावून द्या."

रविवारी दुपारी शेजारच्या शिरवणे गावातले एक वायरमन आले, बाबांच्याच वयाचे. धूळ नको म्हणून बाबांना आतल्या खोलीत बसवलं. वायरमननी दाराजवळचा मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर चढले. मला उघडलेल्या कुठल्याही वस्तूत डोकं घालायची खोड. मी स्टुलाला अगदी चिकटून उभी.

"ताई, जरा सरका. डोल्यात चुना जाईल."

गोळा खाली आला. आत मेलेल्या पाखरांचा बोटभर थर! एवढी पाखरं बंद गोळ्यात शिरली कुठून, हे मला आजही कळलेलं नाही. मग त्यांनी वरचा लाकडी ठोकळा काढला, तर तिथे हिरवं वर्तुळ, त्याला गुलाबी कड, आणि बाहेर आमचा पांढरा रंग. म्हणजे आमच्याआधी हे छत गुलाबी होतं, त्याच्याआधी हिरवं. छताला गुलाबी रंग कोणाला सुचला असेल? मी विचारलं, तर ते हसले. "मी कवा बगितला? मी बगितली ती हितली आमची भातशेती."

ट्यूब मधोमध लावायला ते तयार होईनात. "मधी लावली तर मानसाची सावली पानावर पडते," म्हणाले. बाबांची खुर्ची खिडकीशी होती, तिच्या बरोबर वर त्यांनी पट्टी ठोकली. मधल्या दोन वायरींना टेप गुंडाळून त्या तशाच लोंबत ठेवल्या. मी गोळा धुतला, पेपरात गुंडाळला, माळ्यावर टाकला आणि बाबांना हाक मारली.

ते येऊन खुर्चीत बसले. वायरमन बोर्डापाशी होते. नवं बटन घट्ट बसलंय का बघायला त्यांनी ते दाबलं. टक् आवाज झाला.

आमच्या घरात दिवा लागला की हात जोडायचे, मग ती देवापुढची समई असो नाहीतर ट्यूब. बाबांनी मान वर केली, हात जोडले आणि म्हणाले, "वा! आता कसं लख्ख झालं. अक्षर न् अक्षर दिसेल."

वायरमननी माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, "ताई, मेन अजून बंद हाय."

बाबांनी हात जोडले होते ते छताच्या मधोमध बघून. लोंबणाऱ्या त्या दोन वायरींना.

अगं बाई गं! म्हणजे सकाळच्या बातम्या ते रेडिओवर ऐकून सांगत होते. मी आंघोळीला जायची तेव्हा तो चालू असायचा, आणि एवढी भोचक मी, माझ्या टाळक्यात हे शिरलं नव्हतं.

"बाबा, कधीपासून दिसत नाहीये?"

त्यांनी हात खाली घेतले.

"चालता-फिरता येतं गं, सगळं धूसर दिसतं एवढंच. वाचायचं म्हणशील तर दोनेक वर्षं झाली. तुझी आई वाचून दाखवायची. तुला कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. तू काळजी करत बसतेस."

मला भयंकर राग आला. त्यांचा, आईचा, सगळ्यात जास्त माझा. "उद्या रजा टाकते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," असं मी ओरडूनच सांगितलं आणि मग रडले. वायरमन बिचारे मुकाट्याने दाराशी गेले आणि त्यांनी मेन चालू केला. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली.

मी स्टूल ओढून खुर्चीजवळ बसले आणि बाबांच्या मांडीवरचा पेपर उचलून घडी मोडली.

"कुठून वाचू?"

"पहिल्या पानापासून," बाबा म्हणाले. "आणि शुद्धलेखनाची चूक दिसली की थांबायचं. तुझी आई थांबायची."