काळ्या मातीतले पंधरा फूट

जून, दुसरा सोमवार, सकाळी साडेनऊ. जागा: देवणी तालुक्यातलं माझं माहेर, अंगणवाडीसमोरची वाट. हजर: मी, माझी भावजय (तीच अंगणवाडी सेविका), सरपंच आणि बांधलेली असल्यामुळे एक गाय. गैरहजर: आमचे विभागप्रमुख. "सुट्टीत वाटेल ते करा, पण त्यात प्रयोगशाळेचं नाव नको," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

सरपंचांनी हातातली काठी वाटेत रोवली. काठी वीतभर आत गेली.

"काय म्याडम, तुमचे किडे झोपले जणू?"

मी वहीत लिहिलं: काठी, एक वीत.

मी नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात माती तपासणीची प्रयोगशाळा सांभाळते. काही जिवाणू युरिया मोडतात. त्याच पाण्यात कॅल्शियमचं मीठ असलं की चुनखडीचे बारीक कण तयार होतात आणि माती एकमेकीला धरून बसते. हे वाळूत चांगलं जमतं. आमची काळी मात्र पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी भेगाळते आणि वर टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत गिळून टाकते. "काळीत हे व्हायचं नाही," असं प्रमुख म्हणाले, त्याच दिवशी मी सामानाची यादी करायला घेतली. शेजारच्या महाविद्यालयातून जिवाणूंचं पाणी मागून आणलं, ते मातीत कालवलं आणि वड्या पाडल्या. साध्या मातीची वडी पाण्यात तासाभरात विरघळायची, माझ्या वड्या आठवडाभर टिकल्या. त्या अजून कपाटात आहेत. प्रमुखांनी त्या पाहिलेल्या नाहीत.

मग ही वाट का? कारण पाऊस लागला की तिथे पोटरीभर चिखल होतो आणि पोरं घरीच राहतात. यंदाही पावसाळ्यात हजेरी पडली तर अंगणवाडी ओढ्यापलीकडच्या वस्तीला जोडू, असं तालुक्याचे साहेब सांगून गेले होते. तिकडे इथली एकही आई पोर पाठवणार नव्हती. म्हणून मे महिन्यात आम्ही दोघींनी वाटेतला सगळ्यात वाईट पंधरा फुटांचा तुकडा खणला, ढेकळं फोडली, आधी जिवाणूंचं पाणी आणि दुसऱ्या दिवशी युरिया-कॅल्शियमचं पाणी कालवून माती तुडवली, वरून रूळ फिरवला. तरीही काठी आत गेली.

"पुढच्या सोमवारी मुरमाची गाडी येऊन राहिली. तवर करा काय करायचं ते," सरपंच म्हणाले आणि निघून गेले.

भावजयीने पडवीतून युरियाची उरलेली गोणी ओढत आणली, मूठभर दाणे नाकाशी धरले.

"आक्का, ह्याला लिंबाचा वास हाय."

"खतालाच असतो तो. कडुलिंबाचं तेल लावतात वरून."

"अन् धान्याच्या कोठीत लिंबाचा पाला आपण कशाला घालतो? किडे हू नयेत म्हणून ना?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्ही तर किड्यालाच लिंब चारून राहिल्या! शिकलेल्या बाया लई बघितल्या, पर अशी न्हाई बघितली."

मी वही उघडली. प्रयोगशाळेच्या यादीत होतं: युरिया, शुद्ध, बाटली. गावच्या यादीत मी लिहिलं होतं: युरिया, एक गोणी. दोन्हीकडे अक्षर माझंच. जिवाणू कामाला लागले की गोठ्यासारखा उग्र वास सुटतो. वाटेवर तो आला नव्हता आणि मी 'मोकळी हवा' म्हणून सोडून दिलं होतं.

त्याच दुपारी नांदेडची गाडी धरली. दोष लिंबाचाच, हे तपासल्याशिवाय म्हणायचं नव्हतं. जिवाणूंच्या पाण्याच्या दोन बरण्या लावल्या, एकीत गोणीतला युरिया, दुसरीत बाटलीतला. सकाळी बाटलीवाल्या बरणीचं झाकण काढलं तर डोळ्यांना पाणी आलं. गोणीवाली नुसती गढूळ होती. प्रमुख दारातून म्हणाले, "अजून चालूच आहे?" "हो," मी म्हणाले, "आणि आज रजेचा अर्जही आहे."

दहा किलो शुद्ध युरिया आणि जिवाणूंचे दोन कॅन घेऊन बसमध्ये चढले. लोह्याला कंडक्टरने कॅनवर टिचकी मारली.

"ताक हाय का?"

"जिवाणू आहेत. जिवंत."

"मंग तिकिटं किती फाडू?"

बुधवारी पुन्हा खणलं, पुन्हा तुडवलं. शुक्रवारी वाटेला असा वास सुटला की गायीनेही तोंड फिरवलं. भावजय पदर नाकाला लावून हसत होती. सोमवारी मुरमाची गाडी आली. सरपंचांनी काठी रोवली, ती दोन बोटं जाऊन थांबली. त्यांनी जोर लावला तरी तिथेच. ते माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाले, "एवढं सोडून पुढं वत."

त्यानंतर सलग पाच दिवस पाऊस झाला. पाऊल बुडायचं ते तळव्यापुरतं. एका ट्रॅक्टरने कड फोडली, तेही मी लिहून ठेवलं. पावसाच्या पाचही दिवशी भावजयीच्या वहीत पोरांची हजेरी लागली.

आता सरपंचांना फलक लावायचाय आणि त्यावर माझी सही हवी आहे. प्रमुखांचा फोन आला, प्रयोगशाळेचं नाव घातलं तर हरकत नाही म्हणे. मी दोघांनाही नाही म्हटलं. त्या वासाचा अमोनिया पावसाबरोबर खाली जातो आणि पोरं ज्या हापशाचं पाणी पितात तो वाटेपासून वीस पावलांवर आहे. भावजयीला सांगितलंय, ते पाणी तपासून होईपर्यंत पोरांना घरून बाटल्या आणायला लाव. "आक्का, पाणी वाईट निघालं तर?" तिने विचारलं. "तर मीच खणून काढीन ते पंधरा फूट, आणि दुसरं काहीतरी करीन. पण अंगणवाडी हलणार नाही."

हापशाच्या पाण्याचा नमुना अजून घ्यायचा आहे.