राहिलेला ठोसा

दत्तू गेल्याचं त्याच्या भावानं निफाडहून फोनवर सांगितलं. न्हाणीत पाय घसरला, डोकं आपटलं, आतल्या आत रक्तस्राव... मी फोनवरच ओरडलो, "लगेच इंजेक्शन का नाही दिलंत?" "नाशकाला आणतच व्हतो ओ दादा," म्हणत तो रडायला लागला. मला लाज वाटली, पण राग अजून गेलेला नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका वॉर्डात आमची गाठ पडली. दोघंही पंधरा वर्षांचे, दोघांचंही रक्त गोठत नसे. साधा मुका मार बसला तरी सांधा आतून रक्तानं टम्म फुगायचा. त्यामुळे आम्हाला कुणी हात लावत नसे. पंचवटीतल्या आमच्या घरी आईनं टेबलाच्या कोपऱ्यांनाही चिंध्या बांधल्या होत्या. शाळेत सगळा वर्ग छड्या खायचा आणि मी मखरातल्या गणपतीसारखा बसून राहायचो.

"तुला कुणी हाणलंय का कधी?" दत्तूनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी नाही म्हणालो.

"मलाबी नाय. आत्ता दोघांच्या अंगात रक्त थांबवायचं औषध हाय. घे!"

ठोसा थेट तोंडावर. ओठ फाटला, तोंडात खारट रक्त आलं. मी पिसाळलो. त्याच्या नाकावर असा गुद्दा हाणला की उशी लाल झाली. सलाइनचा स्टँड कोसळला, त्याच्या शर्टाची बटणं तुटली, मी त्याच्या दंडाला कडकडून चावलो. सिस्टर किंचाळत धावल्या. थोबाडीत मारायला त्यांनी हात उगारला आणि अर्ध्यातच खाली घेतला.

"मारा की, सिस्टर!" नाक दाबून धरत दत्तू म्हणाला.

घरी आई रडत होती आणि मी सुजलेला ओठ आरशात पुन्हा पुन्हा पाहत होतो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. हा शुद्ध वेडेपणा होता, जिवावरचा होता. पण त्यानंतर भेटलो की इंजेक्शन झाल्यावर एकेक ठोसा ठरलेला. वर्षानुवर्षं.

शेवटचं भेटलो तेव्हा दत्तू काठी टेकत आला. गुडघा कायमचा आखडला होता. त्यानं माझ्या खांद्यावर सणसणीत ठेवून दिली आणि छाती पुढे काढून उभा राहिला. "आता तुझा."

मी त्या गुडघ्याकडे पाहिलं. "राहू दे रे. पुढच्या वेळी."

त्याचा चेहरा उतरला. "तूबी का रं?" एवढंच म्हणाला.

परवा मी त्याच वॉर्डात इंजेक्शन घ्यायला गेलो होतो. सुई काढून कापूस दाबत सिस्टर म्हणाल्या, "झालं. मूठ सोडा आता."

मला ती सोडवेना.