आतल्या स्क्रूवरचे रीडिंग

मापन सुरू करण्यापूर्वी शंटमामा मल्टिमीटरच्या तारांचे दोन्ही टोकदार प्रोब एकमेकांना टेकवत आणि पडद्यावर शून्य स्थिरावेपर्यंत गप्प उभे राहत. कोणी घाई केली तर म्हणत, "आधी त्याचं मन रिकामं होऊ दे."

अंबडच्या आमच्या कारखान्यात धातूवर मुलामा चढवण्यासाठी लागणारे मोठे रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारी यंत्रे, तयार होत. पाचशे अँपिअर थेट मीटरमधून नेणे शक्यच नसे. म्हणून तो प्रवाह शंट नावाच्या जाड पितळी ठोकळ्यातून नेत आणि ठोकळ्यावर उमटणारे इवलेसे मिलिव्होल्ट मोजून प्रवाहाचा आकडा काढत. शंटवर केबलसाठी दोन मोठे बोल्ट असत आणि त्यांच्या आतल्या बाजूला मीटरसाठी दोन बारीक स्क्रू.

टेस्टिंगचे टेबल मामांकडे होते; शंटवरूनच त्यांना शंटमामा म्हणत. मूळ नामपूरचे, शिक्षण बेताचे, हात मात्र विलक्षण स्थिर. यंत्र सुरू केले की दहा मिनिटे ते आकड्याकडे पाहतसुद्धा नसत. "तापू दे. च्या पिऊन घे तवर."

मी डिप्लोमा घेऊन नवा डिजिटल मीटर मिरवत आलो. "रावसाहेब, मीटर लय भारी हाय, पण हात कच्चा हाय," असे म्हणून मामा हसत. ते मला लागे. एकदा ते जेवायला गेले असता मी त्यांनी तपासलेला रेक्टिफायर पुन्हा मोजला. माझा आकडा चाळीस अँपिअरने जास्त आला. तो कागदावर लिहून मी मामांना न दाखवता थेट मॅनेजरसाहेबांकडे नेला.

"मामा, नजर गेली का तुमची?" साहेबांनी विचारले.

मामांनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मोजलं कुठं?"

"शंटवरच," मी तोऱ्यात उत्तरलो.

दुसऱ्या दिवसापासून मामा स्टोअरमध्ये नटबोल्ट देत बसले आणि टेबल माझे झाले.

आठवड्याभरात मला उमगले. मी प्रोब बाहेरच्या बोल्टांवर धरले होते. केबलच्या सैल सांध्याचे मिलिव्होल्टही माझ्या आकड्यात मिसळले होते. मामा बरोबर होते. साहेबांना मात्र मी हे सांगितले नाही. फ्यूज मागायला स्टोअरमध्ये गेलो की ते म्हणत, "घ्या रावसाहेब, जपून वापरा." त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते.

निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात हार असतानाच ते टेबलापाशी आले. "एक रीडिंग घेऊन दाखव." मी प्रोब टेकवले, शून्याची वाट पाहिली आणि आतल्या स्क्रूंवर धरले. मामा माझ्या हाताकडे बघत होते, पडद्याकडे नव्हे.

"आता बरोबर," ते हळूच म्हणाले. त्या 'आता'ने मला सगळे सांगितले. साहेब दोन पावलांवर उभे होते. एक वाक्य पुरले असते. तेवढ्यात कोणीतरी नारळ पुढे केला, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.

मामा गेल्याचे मला फार उशिरा कळले. आता केबलभोवती क्लॅम्प मीटरचा जबडा अडकवला की आकडा मिळतो. कुठे धरले, हे कोणी विचारत नाही. मला मात्र तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा ऐकायचा आहे. साहेबांच्या देखत सांगायचे आहे : बाहेरच्या बोल्टवर, मामा. तुमचा आकडा बरोबर होता.