ओसाड जमिनीवरचे दोघे

सांगलीत कुणी त्या बागेचं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलतो. बाग आमच्यामुळे झाली, हे खरं आहे. ती कशी झाली हे सांगणारं पत्रक मात्र आम्ही कधी काढलं नाही. ते काढायला हवं होतं, आणि ते मीच लिहायला हवं होतं.

मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली आणि गावात येणारा जुना फाटा बंद पडला. रूळ उपटून नेले. मागे राहिली खडीची लांबलचक पट्टी, तिच्यावर घाणेरी, वेड्या बाभळी आणि आजूबाजूच्या गल्ल्यांचा कचरा. हळदीच्या व्यापाऱ्यांना तिथं गोदामं हवी होती. काहींनी तर न विचारता पत्र्याच्या शेड ठोकल्याही होत्या. आम्ही कॉलेजातली सात-आठ पोरं. आम्हाला तिथं बाग हवी होती. त्या भागात एकेका खोलीत सहा-सहा माणसं राहत. म्हाताऱ्यांना संध्याकाळी बसायला देवळाची पायरी तरी होती, बायकांना तीही नव्हती. हा अन्याय आहे असं मी तेव्हा म्हणत होतो. आजही म्हणतो.

पत्रक लिहायला मला छापखानेवाल्या काकांनी शिकवलं. आमच्या गटातले ते एकटेच वयस्कर. त्यांचे नियम दोनच होते. मागणी एकच हवी, आणि पत्रकात 'पण' नको. "'पण' आला की वाचणारा म्हणतो, बघू मग," काका म्हणायचे. "आणि पत्रक भडंगाच्या पुडीला जातं."

जुन्या फाटकाजवळ गेटमनची एक खोली होती. गाडी बंद झाली तेव्हाच गेटमन रिटायर झाला. खोली परत मागायला कुणी आलं नाही, म्हणून तो आणि त्याची बायको तिथंच राहिले. मूळचे जतकडचे. आम्ही त्यांना मामा-मामी म्हणायचो. इंजिनासाठी खोदलेली विहीर त्यांच्या दारात होती. मामांनी खडी बाजूला सारून, बाहेरून माती आणून वांगी लावली होती, शेवगा लावला होता, मिरच्या लावल्या होत्या.

"आमच्याकडं हंडाभर पाण्यापायी बाईमाणसाचा दिस मोडतुया," मामी म्हणायची. "हितं हीर दारात हाय. आता मी काय माघारी जात न्हाई बाबा."

मी त्यांना बागेचं सांगितलं तेव्हा मामा हसले. "लय शिकलेली पोरं तुमी. वखारवाल्यांचा कचरा तुमी उचलणार व्हय रं?"

"कचरा उचलायचा, झाडं लावायची. आणि माळी म्हणून तुम्हीच."

"मग आमची खोली न्हाई ना काढणार?"

"मामा, माळ्याला खोली लागतेच की."

हे मी बोललो. मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. सभेत टाळ्या घ्यायची सवय लागली की माणूस दोन माणसांपुढेही सभेतलंच बोलतो.

आमची पद्धत अशी होती, की सह्या आधी आणि मजकूर नंतर. रेघा मारलेले कोरे कागद घेऊन फिरायचं, काय मागायचंय ते तोंडी सांगायचं, सह्या घ्यायच्या. मग निवांत बसून अर्ज लिहायचा आणि त्या गठ्ठ्यावर टाचायचा. सगळेच तसं करत. पहिल्या कागदावर पहिला अंगठा मामांचा पडला. नंतर शाईचा पॅड घेऊन ते स्वतःच माझ्याबरोबर गल्लोगल्ली हिंडले. विहिरीवरच्या बायकांना म्हणाले, "अंगठा उठवा गं. आपलीच बाग हाय."

मामी दारातून बघत होती. "सारा जनम झेंडी दावण्यात गेला," ती म्हणाली. "आता पुढारी झाल्यात."

अर्ज लिहायला बसलो तेव्हा मी लिहिलं होतं, 'सदर जमीन ओसाड असून तेथे कोणाचाही निवास नाही. पण फाटकाजवळ एक निवृत्त रेल्वे कामगार पत्नीसह राहतो, त्याची सोय व्हावी.' काकांनी 'पण'पासून पुढचं खोडलं.

"काका, माणूस राहतोय तिथं."

"राहतोय ना? मग व्यापारी तेच धरतील. गेटमन चालतो तर आमच्या शेड का चालत नाहीत, म्हणतील. आधी जागा मिळू दे. त्याचं नंतर बघता येईल."

मला ते पटलं. पटलं नव्हतं असं आज म्हणता येईल, पण ते खोटं होईल. खोडलं काकांनी. स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं मी.

जागा मिळाली. पत्र्याच्या शेड उखडल्या त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. मामांनी दोन खाल्ले. पुढच्या आठवड्यात, ज्या कचेरीत अर्ज दिला होता तिथले साहेब मोजणीचे लोक घेऊन आले आणि खोलीपाशी थांबले. मामा पुढे झाले.

"आवं साहेब, आमी हितले माळी हाय."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं फाईल उघडली, आमचा अर्ज काढला आणि पहिला कागद मामांपुढे धरला. "हा अंगठा तुमचा का?"

मामांनी वाकून बघितलं. "व्हय. पयलाच हाय."

"या अर्जात तुम्हीच लिहून दिलंय की इथं कोणी राहत नाही. मग मी तुमची सोय कुठल्या कागदावर करू?"

"साहेब, ते वाक्य माझं आहे," मी म्हणालो.

"असेल. पण अंगठा यांचा आहे."

मामा माझ्याकडे वळले. ते रागावले असते तर मी काहीतरी बोललो असतो. "आसं लिवलं व्हतं व्हय," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी काकांकडे धावलो. म्हटलं, पत्रक काढू, आमची चूक झाली असं छापू. काका टाईप जुळवत होते, त्यांनी मान वर केली नाही. "आपणच खोटं लिहिलं म्हटल्यावर शेडवाले गप्प बसतील? बाग जाईल आणि खोलीही राहणार नाही." पत्रक निघालं नाही. बाकी कुठल्या तरी गावच्या अन्यायावर त्या महिन्यात मी तीन लिहिली.

मामीनं जाताना कोवळी वांगीसुद्धा तोडून बायकांना वाटली. ट्रंक एसटीच्या टपावर चढली, बाज मात्र कंडक्टरनं घेतली नाही.

बाग झाली. बाकं आली, बायका संध्याकाळी येऊन बसू लागल्या. मी कचेरीच्या पायऱ्या वर्षभर झिजवल्या, तेव्हा एका माळ्याच्या जागेला तोंडी होकार मिळाला. मी जतची गाडी पकडली. पुढं चार मैल चालून त्यांचं गाव गाठलं. मामा दुसऱ्याची मेंढरं राखत होते. मला बघून खाली बसले, मलाही बसायला सांगितलं.

"मामा, माळ्याचं काम मिळतंय. रोजंदारीवर."

"ऱ्हायाचं कुठं?"

खोली पाडली होती.

"रातच्याला बागेला कुलूप लावत्यात न्हवं?" त्यांनी विचारलं.

"लावतात."

"मग?"

मी भाड्याच्या खोलीचं काढलं, अर्जाचं काढलं, पुन्हा साहेबाला भेटतो म्हणालो. मामा उठले आणि मेंढरं वळवत मला घरी घेऊन गेले.

मामीनं भाकरी टाकली होती. "जेवून जा, येष्टीला टाईम हाय," म्हणाली. नको म्हणायची माझी छाती नव्हती. तिनं हात धुवायला तांब्या पुढे केला. तळाला बोटभर पाणी होतं. टँकर परवा येऊन गेला होता, पुन्हा कधी येईल ठाऊक नाही, असं मामा सहज म्हणाले. मी उजव्या हाताची बोटं तेवढी ओली केली. मामीनं तांब्या माझ्या हातातून घेतला आणि उरलेलं पाणी घागरीत परत ओतलं.